मॉडेलमधली भिंत सरळ, जागेवरची फुगलेली : वारसा वास्तू सांभाळणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
वारसा वास्तूंच्या जतनाची जबाबदारी असलेले शासकीय विभाग, विश्वस्त मंडळे, संग्रहालये आणि स्थानिक प्रशासने यांस,

विषय : वारसा वास्तूंची डिजिटल मॉडेल्स तयार करवून घेताना घ्यावयाची दक्षता आणि त्या मॉडेल्सच्या देखभालीची व्यवस्था.

सविनय नमस्कार.

मी जुन्या वास्तूंच्या मोजणीचे आणि नोंदणीचे काम करणारा वास्तुविशारद आहे. नव्या इमारतींच्या बांधकामासाठी घडलेली ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, म्हणजे या क्षेत्रात सर्वजण जिला ‘बिम’ म्हणतात ती पद्धत, आता प्रार्थनास्थळे, किल्ले, राजवाडे आणि जुन्या वस्त्यांसाठीही वापरली जाऊ लागली आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी त्यासाठी निधी राखून ठेवला आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या निर्णयाच्या पाठीशी उभा राहूनच मी आपल्याकडे दोन मागण्या करणार आहे. पहिली अशी, की मॉडेलमधील प्रत्येक घटकासोबत ‘हे आपल्याला कसे कळले’ याची नोंद असल्याखेरीज ते मॉडेल स्वीकारू नये. दुसरी अशी, की मॉडेल ताब्यात घेण्याआधी ते सांभाळणारी व्यक्ती नेमलेली असावी. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले तर मोठा खर्च करून आपण एक देखणे चित्र विकत घेऊ आणि त्यालाच वास्तूची नोंद समजत राहू.

साध्या नकाशात रेषा असतात; बिममध्ये घटक असतात. खांब, कमान, तुळई, खिडकी यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदलेली असते आणि तिला तिचे साहित्य, तिचा काळ, तिच्यावर झालेल्या दुरुस्त्या, तिची छायाचित्रे आणि तपासणीचे अहवाल जोडता येतात. डब्लिनमध्ये मॉरिस मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी या पद्धतीची मांडणी केली, तेव्हा त्यांनी अठराव्या शतकातील वास्तुरचनेच्या ग्रंथांमधील प्रमाणे घेऊन खांब, खिडक्या, कंगोरे यांचे, मापे बदलता येतील असे घटक तयार केले आणि ते लेझर स्कॅनमधून मिळालेल्या बिंदूंच्या समूहावर, म्हणजे पॉइंट क्लाउडवर, बसवले. ही कल्पना मला आजही फार समंजस वाटते, कारण त्या काळचे बांधणारे लोक स्वतः त्याच ग्रंथांकडे पाहून काम करत होते. मात्र तिच्या पोटातच एक धोका आहे. वास्तू जिथे ग्रंथातील प्रमाणापासून ढळते, तिथेच तिचा खरा इतिहास सापडण्याची शक्यता असते, आणि तयार घटक बसवताना नेमके तेवढेच ढळणे झाकले जाते.

एक भिंत जरा जवळून पाहू. जुनी जाड दगडी भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरचा आणि आतला असे घडीव दगडांचे दोन पदर आणि त्यांच्यामध्ये चुन्यात बसवलेली दगडगोट्यांची भर, अशी तिची रचना असते. छतावरचे पाणी वर्षानुवर्षे आत मुरत राहिले की भरीतला चुना हळूहळू धुपून जातो, सुटे झालेले दगडगोटे खाली बसतात आणि त्यांच्या दाबाने बाहेरचा पदर आतल्या पदरापासून सुटून पुढे येऊ लागतो. अशी भिंत लेझर स्कॅनरने मोजली की तिचा पृष्ठभाग लक्षावधी बिंदूंनी टिपला जातो आणि मधल्या उंचीवर ती ओळंब्यापासून पाच-सहा सेंटिमीटर पुढे आली असेल तर ते लख्ख दिसते. इथपर्यंत सारे ठीक असते. त्यानंतर मॉडेल करणारा माणूस संगणकापुढे बसतो. सॉफ्टवेअरमधले भिंतीचे साधन नव्या इमारतींसाठी बनवलेले असल्यामुळे त्याला भिंतीची दोन टोके, एक जाडी आणि एक उंची एवढेच हवे असते. मुदत जवळ आलेली असते, करारात अचूकतेबद्दल मोघम वाक्य असते, म्हणून तो सरासरी जाडी धरून सरळ भिंत उभी करतो. भिंतीच्या छेदाचे रेखन स्वच्छ निघते, सादरीकरण सुरेख होते आणि ज्या खुणेवरून अभियंत्याला भिंत आतून पोकळ होत चालल्याचे कळले असते, ती खूण अधिकृत नोंदीतून पुसली जाते. काही वर्षांनी कोणी तीच भिंत पुन्हा मोजली, तर फुगवटा वाढला की होता तेवढाच आहे हे ठरवायला मॉडेलमध्ये काहीही उरलेले नसते.

यात मॉडेल करणाऱ्याचा दोष मी मानत नाही. त्याला जे मागितले गेले ते त्याने दिले. मागणी आपली होती आणि ती बदलणे आपल्याच हाती आहे. प्रत्येक वाकडी रेघ तंतोतंत उभी करावी असेही माझे म्हणणे नाही. तसे केल्यास फाइल इतकी जड होते की नंतर कोणी ती उघडत नाही. सरळ भिंत ठेवायची असेल तर जरूर ठेवावी, पण त्या घटकाला मूळ बिंदूंपासून तो कुठे आणि किती दूर आहे हे दाखवणारा रंगीत नकाशा जोडलेला असावा, आणि किती मिलिमीटरपर्यंतचा फरक चालेल व त्याहून जास्त फरक आढळल्यास तिथे खरा पृष्ठभागच उभा करावा, हे कामाच्या अटींत आकड्यांनिशी लिहिलेले असावे. कोरीव कामासाठी वेगळी मर्यादा, साध्या भिंतीसाठी वेगळी, आणि जिथे हालचालीचा संशय आहे तिथे सर्वांत कडक, असे ठरवणे मुळीच अवघड नाही.

मोजलेल्या पृष्ठभागाची ही अवस्था, तर न दिसणाऱ्या भागांबद्दल काय बोलावे? भिंतीत शिरलेल्या तुळईचेच पाहा. खोलीत दिसणारा तिचा भाग मोजता येतो. भिंतीच्या आत ती किती लांब टेकली आहे हे कोणालाच दिसत नाही, पण सॉफ्टवेअर आकडा मागते, म्हणून तिथे तीस सेंटिमीटर असे लिहिले जाते. ज्याने ते लिहिले त्याला ते गृहीत आहे हे पुरेपूर माहीत असते. पाच वर्षांनी वेगळा अभियंता वेगळ्या कार्यालयात ते मॉडेल उघडतो, तुळईवर क्लिक करतो, त्याला तीस सेंटिमीटर दिसतात आणि तो त्यावर भाराचा हिशेब मांडतो. मोजलेला आकडा आणि मनाने घातलेला आकडा पडद्यावर एकाच अक्षरात, एकाच रंगात उमटतात. कागदावरच्या जुन्या रेखनात निदान तुटक रेघ असे. अनुमान आणि मोजमाप यांत फरक करण्याची ती शिस्त आपण संगणकावर येताना मागे सोडली आहे.

म्हणून प्रत्येक घटकाला खात्रीची पातळी असावी, ही माझी सर्वांत आग्रहाची मागणी आहे. हा भाग प्रत्यक्ष मोजला आहे. हा जुन्या कागदपत्रांवरून किंवा छायाचित्रांवरून घेतला आहे. हा समोरच्या सारख्या भागावरून अनुमानाने काढला आहे. हा केवळ गृहीत आहे. एवढ्या चार पायऱ्या पुरेशा आहेत. त्यासोबत कोणी, कधी आणि कशाच्या आधारे हे ठरवले याची एक-दोन ओळींची नोंद हवी, आणि एका बटणावर सगळे मॉडेल त्या पातळ्यांच्या रंगात पाहता यायला हवे. असे रंगवलेले मॉडेल पहिल्यांदा पाहणाऱ्यांना धक्का बसतो, कारण गृहीताचा रंग अपेक्षेपेक्षा खूप जास्त जागा व्यापतो. तो धक्का फार उपयोगाचा असतो. पुढची तपासणी कुठे करायची, जमिनीतून किंवा भिंतीतून रडार कुठे फिरवायचे, कुठल्या भोकातून कॅमेरा आत घालून पाहायचे, हे त्यावरूनच ठरते.

यात मी नवे काही सांगत नाही. वारसा वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या ९ व्या कलमात जीर्णोद्धाराचे काम जिथे तर्क सुरू होतो तिथे थांबले पाहिजे असे बजावले आहे, आणि १६ व्या कलमात प्रत्येक कामाची नेमकी नोंद सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखागारात ठेवून ती अभ्यासकांना खुली करावी असे म्हटले आहे. संगणकीय दृश्यांबाबतची लंडन सनद २००६ मध्ये आली आणि २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिचाही आग्रह हाच आहे, की पाहणाऱ्याला काय पुराव्यावर उभे आहे आणि काय तर्कावर, हे कळले पाहिजे व ते निर्णय कसे घेतले हे लिहून ठेवले पाहिजे. आपल्यापैकी अनेक संस्था या सनदांचा उल्लेख प्रस्तावनेत आदराने करतात. त्याच अटी देयक मंजूर करण्याच्या तपासणी-यादीत का नसाव्यात?

डिजिटल नोंदीचे महत्त्व सांगताना पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. १५ एप्रिल २०१९ रोजी तिचे छत आणि मनोरा जळाला, तेव्हा कला-इतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी २०१० मध्ये केलेले लेझर स्कॅन उपलब्ध होते, ज्यात एक अब्जाहून अधिक बिंदू होते. छताच्या ओक लाकडाच्या सांगाड्याचे तपशीलवार रेखनही रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी आगीच्या काही वर्षे आधी करून ठेवले होते. डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली त्यात या दोन्ही नोंदींचा मोठा वाटा आहे. मला या कहाणीतल्या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या वाटतात. टॅलन यांच्या मोजणीत पश्चिमेकडचे आतले खांब एका रांगेत नाहीत असे दिसून आले. त्यांनी ते खांब सरळ करून मांडले असते तर बांधकामाच्या टप्प्यांविषयीचा एक मोठा पुरावा हाती लागलाच नसता. शिवाय त्यांनी ही मोजणी आगीच्या भीतीने केली नव्हती, अभ्यासाच्या ओढीने केली होती. जगातल्या एवढ्या प्रसिद्ध वास्तूची इतकी मोलाची नोंद एका अभ्यासकाच्या ध्यासामुळे उपलब्ध असणे ही भाग्याची गोष्ट झाली. आपल्या ताब्यातील वास्तूंसाठी आपण अशा भाग्यावर विसंबून राहू शकत नाही.

युगांडातील कासुबी येथील बुगांडा राज्याच्या राजांच्या समाधिस्थळाचे उदाहरण याहून कमी परिचित आहे. २००९ मध्ये त्याचे स्कॅनिंग झाले आणि मार्च २०१० मध्ये मुख्य वास्तू आगीत नष्ट झाली. आकार, उंची, घेर हे सारे नोंदीत होते. पण तो प्रचंड गवती घुमट शाकारायचा कसा, गवताच्या पेंढ्या कशा बांधायच्या, हे ज्ञान परंपरेने शाकारणी करणाऱ्या कुळाकडे होते. ते कुठल्याही स्कॅनरला दिसत नाही. म्हणूनच मॉडेलमध्ये कारागिराचे म्हणणे नोंदवण्यासाठी जागा ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चुना किती दिवस भिजवला, त्यात काय मिसळले, दगड कोणत्या थरातला, दगडांमधल्या दर्जा (सांधे) भरताना हात कसा फिरवला, हे गवंड्याने आणि पाथरवटाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेले चित्रण त्या भिंतीच्या घटकाला जोडता येते. त्याला फारसा खर्च येत नाही. आजवर ते फारसे केले जात नाही, कारण कोणी ते मागत नाही.

आता व्यवस्थापनाकडे येतो, कारण आगीपेक्षा पाण्याने अधिक वास्तू हळूहळू जातात. छताची पन्हळ पानांनी तुंबते. पाणी काठावरून भिंतीत उतरते. खालच्या मजल्यावर आतून ओल दिसते, लोणा लागतो, कोणीतरी रंग मारून ती झाकते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्याच रेषेत भिंतीत टेकलेले तुळईचे टोक कुजते आणि मग तातडीची, महागडी दुरुस्ती काढावी लागते. पन्हळ साफ केल्याची नोंद एका वहीत असते, रंगकामाचे देयक दुसऱ्या विभागात आणि तुळईचा अहवाल तिसऱ्याच फाइलमध्ये. या तीन नोंदी एका उभ्या रेषेत आहेत हे कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण त्या कधीच एका जागी ठेवलेल्या नसतात. मॉडेलमध्ये त्या तिन्ही घटकांवर तारखेसह नोंदल्या गेल्या, तर ओलीच्या डागावर क्लिक करणाऱ्याला वरची पन्हळ आणि आतली तुळई आपोआप नजरेसमोर येते. मला विचाराल तर या एका उपयोगासाठीसुद्धा मॉडेल करण्यासारखे आहे.

मिलानच्या कॅथेड्रलची देखभाल करणारी संस्था १३८७ मध्ये स्थापन झाली आणि आजही काम करते. तिथे झिजलेले संगमरवरी ठोकळे बदलण्याचे काम अखंड चालू असते. मिलानच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी तिच्यासाठी केलेल्या मॉडेलमध्ये मुख्य मनोऱ्याचा ठोकळा न् ठोकळा स्वतंत्र घटक म्हणून मांडला, म्हणजे कोणता दगड बदलला, कोणता शिल्लक आहे, हे त्या त्या दगडावरच नोंदता येते. लक्षात घ्यावे, की तिथे आधी शतकानुशतकांची देखभालीची शिस्त होती आणि मॉडेल नंतर आले. शिस्त नसलेल्या जागी केवळ मॉडेल आणून ठेवल्याने ती निर्माण होत नाही. त्यासाठी माणूस लागतो, त्याच्या कामाच्या वेळापत्रकात त्यासाठी तास लागतात आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचे शीर्षक लागते. परांची उतरवण्याआधी झालेल्या दुरुस्तीची नोंद मॉडेलमध्ये चढलीच पाहिजे आणि त्याशिवाय अंतिम देयक निघू नये, असा एकच नियम काटेकोरपणे पाळला तरी पुष्कळ साधेल. पहारेकरी आणि सफाई कर्मचारी इमारतीत रोज वावरतात. नवी भेग किंवा ओल सर्वांत आधी त्यांना दिसते. त्यांना मॉडेल वापरता यावे अशी अपेक्षा ठेवू नये, परंतु त्यांनी काढलेला फोटो योग्य घटकावर चढवणारी व्यक्ती ठरलेली असावी.

जपणुकीच्या मुदतीचा विचारही आत्ताच करावा लागेल. आल्ब्रेख्त मायडेनबावर या तरुण वास्तुविशारदाचा १८५८ मध्ये जर्मनीतील वेट्झलारच्या कॅथेड्रलची मोजणी करताना उंचावरून पडता पडता जीव वाचला आणि छायाचित्रांवरून मोजमाप घेण्याची कल्पना त्याच्या मनात आली. १८८५ मध्ये प्रशियात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या काचेच्या प्लेट्स आजही प्रकाशासमोर धरून वाचता येतात आणि दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या वास्तूंच्या पुनर्बांधणीत त्यांचा उपयोगही झाला. आपण आज स्वीकारत असलेल्या फाइलची हमी मात्र सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना चालू असेपर्यंतच असते, कधी तर तेवढीही नसते, कारण पुढच्या आवृत्तीत ती नीट उघडत नाही. यावर पूर्ण उपाय नाही, पण बराचसा आहे. मॉडेल मूळ स्वरूपासोबत ‘आयएफसी’ या खुल्या स्वरूपातही घ्यावे, जे ‘आयएसओ १६७३९’ या आंतरराष्ट्रीय मानकात बसवलेले आहे. स्कॅनचे कच्चे बिंदू ‘ई५७’ या खुल्या स्वरूपात घ्यावेत आणि ते कधीही पुसू नयेत. मॉडेल हा त्या बिंदूंचा एका माणसाने एका वेळी लावलेला अर्थ आहे. उद्या दुसरा अभ्यासक तेच बिंदू पाहून वेगळा अर्थ लावू शकेल. आयएफसी मुळात नव्या बांधकामासाठी घडल्यामुळे त्यात जुन्या घुमटाच्या फासळ्या, नक्षी किंवा दगडाच्या झिजेचे प्रकार यांच्यासाठी तयार कप्पे नाहीत, म्हणून आपण वापरलेल्या संज्ञांचा अर्थ सांगणारा साधा मजकुराचा दस्तऐवज सोबत हवा. तळनकाशे, छेद आणि दर्शनी रेखने टिकाऊ कागदावर छापूनही ठेवावीत. यात मला मागासलेपण वाटत नाही.

सर्व वास्तूंना बिमची गरज आहे असे मी मानत नाही. एका खोलीची समाधी, छोटा चौथरा किंवा साधी धर्मशाळा असेल तर हाताने नीट केलेली मोजणी, क्रमांक दिलेली छायाचित्रे आणि दरवर्षी भरली जाणारी एक नोंदवही पुरेशी आहे, आणि उरलेला निधी पन्हळीवर खर्च करावा. उलट अनेक विभागांचा, अनेक काळांचा आणि सतत दुरुस्ती चालणारा मोठा परिसर असेल तर मॉडेलवाचून कारभार सांभाळणे दिवसेंदिवस कठीण होत जाईल. कोणत्या वास्तूला काय लागेल हे ठरवताना मॉडेलचा उपयोग कोण, कशासाठी करणार, हे आधी लिहून काढावे. प्रवेशाबाबतही थोडा विवेक हवा. अभ्यासकांना नोंद खुली असावी, पण चोरीला उपयोगी पडेल असा तपशील आणि श्रद्धास्थानांतील ज्या जागा संबंधित समाज बाहेरच्यांना दाखवत नाही त्या जागा, यांचा निर्णय त्या त्या समाजाला विचारून घ्यावा.

ज्या संस्थांकडे मॉडेल आधीच तयार आहे, त्यांना माझी विनंती आहे की एक छोटी परीक्षा येत्या महिन्यात करावी. सर्वांत जुनी वाटणारी एक भिंत निवडावी, तिचे मूळ स्कॅन आणि मॉडेल एकमेकांवर ठेवून त्यांतले अंतर काढायला सांगावे, भिंतीत टेकलेल्या कोणत्याही एका तुळईच्या आतल्या लांबीचा आधार विचारावा, आणि मागच्या पावसाळ्यानंतर झालेली एक दुरुस्ती मॉडेलमध्ये शोधून पाहावी. मूळ स्कॅन सापडत नसेल, तर ते काम केलेल्या संस्थेकडून तत्काळ मागवून घ्यावे. कामानंतर काही वर्षांनी अशी माहिती बहुधा काढून टाकली जाते. आणि ज्यांच्या निविदा अद्याप निघायच्या आहेत, त्यांनी खात्रीच्या पातळ्या, फरकाची मर्यादा, खुली स्वरूपे, कच्च्या बिंदूंची मालकी आणि मॉडेल सांभाळणाऱ्या व्यक्तीचे पद या बाबी अटींमध्ये घातल्याशिवाय त्या प्रसिद्ध करू नयेत. या अटींचा मसुदा तयार करण्यासाठी माझ्यासारखे अनेकजण विनामूल्य वेळ द्यायला तयार आहेत.

कळावे,
आपला विश्वासू,
वारसा वास्तूंच्या नोंदणीचे काम करणारा एक वास्तुविशारद